ड्रिल घेताय? आधी भिंत पाहा!

न्हाणीघरातली टॉवेलची दांडी ही काही धरून उभं राहण्यासाठी नसते. पण माणूस घसरलं की हाताला जे लागेल ते धरतं. गेल्या श्रावणात माझ्या सासूबाई अशाच घसरल्या आणि दांडी त्यांच्या हातात आली, स्क्रू आणि प्लॅस्टिकच्या गिट्ट्यांसकट! नशीब म्हणून बादलीवर न आपटता भिंतीला टेकल्या आणि मनगट मुरगळण्यावर भागलं. डॉक्टरांनी पट्टी बांधता बांधता मला सुनावलं, "न्हाणीघरात आधी धरायला एक मजबूत दांडा बसवून घ्या. पुढच्या वेळी मनगटावर भागेलच असं नाही."

दांडा त्याच संध्याकाळी आणला. चांगला स्टीलचा, दीड फुटी. दुकानदार त्याला ग्रॅब बार म्हणतात. पण तो बसवणार कोण? सुतारमामांना निरोप धाडला. "उद्या येतो." नळवाल्याला फोन केला. "दोन दिवसांत बघतो, वहिनी." मैत्रिणींनो, त्यांचंही चूक नाही म्हणा. सहा भोकांच्या कामासाठी दिवस कोण मोडणार? पण बारा दिवस तो दांडा कागदात गुंडाळलेला कपाटावर पडून होता, आणि बारा दिवस सासूबाई माझ्या खांद्याला धरून आंघोळ करत होत्या. जन्मभर कुणाचा हात न घेतलेली बाई. त्यांना काय वाटत असेल ते त्या बोलल्या नाहीत, पण मला कळत होतं.

तेराव्या दिवशी मी ठरवलं, आपणच ड्रिल आणायचं. बिनवायरचं, बॅटरीवर चालणारं. आणि तिथेच माझी पहिली फसगत झाली. ती सगळी सांगते, कारण तुमचे पैसे तरी वाचतील.

मोठा आकडा, छोटी ताकद

दुकानात दोन खोकी होती. एकावर लिहिलेलं '१२ व्होल्ट', किंमत साडेचार हजारांच्या आसपास. दुसऱ्यावर भल्याथोरल्या अक्षरांत '४८', सोबत चोवीस बिटांची पेटी, किंमत निम्म्याहून कमी. आता सांगा, तुम्ही कोणतं घेतलं असतं? मी अर्धवेळ शाळेत शिकवते. त्या पगारातून बाजूला टाकलेले पैसे होते. चौपट आकडा निम्म्या पैशांत मिळतोय म्हटल्यावर मी मोठ्या हुशारीनं '४८'वालं उचललं.

घरी येऊन टाइलवर बिट टेकवला, घोडा दाबला. बिट टाइलवरून सरकत गेला आणि लांब ओरखडा उठला. मग मी अंगठी फिरवून हातोडीच्या खुणेवर आणली आणि जोर लावला. 'टक्' असा आवाज आला आणि टाइलला कोपऱ्यापर्यंत तडा! तरी नेटानं दाबत राहिले. पाव इंच गेलं असेल नसेल, बिटाचं टोक काळंनिळं पडलं, जळका वास सुटला आणि यंत्र घरघर करत थांबलं. संध्याकाळी ह्यांनी ती टाइल पाहिली. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं, असं मला झालं.

पुढच्या आठवड्यात पंखा दुरुस्त करायला वीजकाम करणारे एक काका आले होते. त्यांना ते ड्रिल दाखवलं. त्यांनी हसून बॅटरीच्या तळाचे स्क्रू काढले (हा उद्योग आपण घरी मुळीच करायचा नाही) आणि आत दाखवलं. पाच सेल. बस्स. "ताई, एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा. पाच पाडे?" म्हटलं, अठरा. "मग अठ्ठेचाळीस कुठून आले?"

कुठूनच आले नव्हते. तो आकडा विकणाऱ्याच्या मनातला होता. त्या दिवसापासून मी आकडे नीट वाचायला शिकले. लिथियमचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टपर्यंत जातो, चालताना सरासरी ३.६ देतो. म्हणजे पाच सेलांच्या एकाच बॅटरीला कोणी १८ व्होल्ट म्हणतो, कोणी २० मॅक्स, कोणी २१. तिन्ही एकाच माळेचे मणी! तसंच तीन सेलांच्या बॅटरीला कोणी १०.८ म्हणेल, कोणी १२. घरासाठी जी यंत्रं येतात ती बहुतेक ह्या दोन जातींतली. त्याहून फुगलेला आकडा दिसला की सेल किती ते विचारायचं.

व्होल्टपेक्षा एक बारीक आकडा जास्त खरा. बॅटरीच्या पाठीवर 'वॉट-अवर' लिहिलेले असतात, ते म्हणजे डब्यात धान्य किती आहे ते. नसतील लिहिले तर व्होल्टला ॲम्पिअर-अवरनं गुणा. १०.८ व्होल्ट आणि दीड ॲम्पिअर-अवर म्हणजे साधारण १६ वॉट-अवर. तुमच्या हातातल्या ५००० मिलिॲम्पिअरवाल्या मोबाइलच्या बॅटरीत १९ च्या आसपास असतात! एवढ्याशा शिदोरीवर ते यंत्र भिंत कोरणार. तेव्हा एका बॅटरीत सात-आठ भोकं पडून ती दमली, तर त्यात तिचा काही दोष नाही.

तुमची भिंत कसली आहे?

हे आधी ठरल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. साडी घेताना आपण पोत चिमटीत धरून पाहतो ना, तशीच भिंत पाहायची. जिथं जुना खिळा किंवा स्क्रू आहे तो उपटा आणि भोकातली भुकटी काडीनं कोरून तळहातावर घ्या.

तांबडी भुकटी आली तर विटेची भिंत. हातोडीचा ठोका देणारं १२ व्होल्टचं ड्रिल तिथं ६ मिलिमीटरचं, आणि जरा धीरानं घेतलं तर ८ मिलिमीटरचंही भोक पाडतं. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या घरांच्या, चाळींच्या, तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतींच्या भिंती ह्याच. कोकणात जांभ्याची भिंत असेल तर काम आणखी सोपं, जांभा मऊ. जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीत मात्र भोक सहज पडतं आणि गिट्टी तितक्याच सहज बाहेर येते. तिथं ड्रिलपेक्षा जुन्या पद्धतीची लाकडाची लांब गिट्टी बरी.

पांढुरकी, पिठासारखी मऊ भुकटी आली तर ते हलके सिमेंटचे ब्लॉक. तिथं हातोडी नकोच, नुसतं फिरवलं तरी बिट लोण्यासारखा आत जातो. गिट्टी मात्र लांब आणि त्याच कामाची मागून घ्यायची, नाहीतर वजन पडलं की ढिली होते.

आणि भुकटी करडी आली, किंवा बिट दोन सूत जाऊन अडून बसला, तर ते काँक्रीट. खिडकीच्या वरची पट्टी, म्हणजे लिंटेल, काँक्रीटची असते. पडद्याच्या दांड्यांचं घोडं अडतं ते तिथंच! तुळया, खांब, छत, सगळं काँक्रीट. आणि नव्या उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती असतात, बिल्डर लोक 'मायव्हान' म्हणतात त्या. त्यांत घरभर काँक्रीटच काँक्रीट. अशा घरात राहत असाल तर स्वस्तातलं बॅटरीचं ड्रिल भिंतीसाठी घेऊच नका. त्याच पैशांत, किंबहुना कमीत, ५००-६०० वॉटचं वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल येतं, ते ह्याच्या दुप्पट कामाचं. आणि खऱ्या टणक काँक्रीटला तर रोटरी हॅमर नावाचं वेगळंच यंत्र लागतं. ते घरी ठेवायची वस्तू नव्हे, भाड्यानं आणायची किंवा कारागिराला बोलवायचं.

मग बॅटरीचं घ्यायचंच कशाला, असं विचाराल. काका म्हणाले ते मला फार पटलं. भिंतीत लपलेल्या वायरींची भीती असते ना? बॅटरीचं ड्रिल असलं की मेन स्विच खाली पाडून निश्चिंत काम करता येतं. वायरवाल्याला तेव्हा वीज हवीच! शिवाय न्हाणीघरासारख्या ओल्या जागी विजेची लांबलचक वायर ओढत नेणं म्हणजे संकटाला आमंत्रण. शेल्फच्या, कपाटाच्या, खाटेच्या स्क्रूंचं काम, बिजागरी बसवणं, विटेच्या भिंतीत खुंटी, फोटो, घड्याळ, हे आपल्या घरचं नव्वद टक्के काम, आणि ते ह्या छोट्या यंत्राला झेपतं. वजनही किलोभरच. १८ व्होल्टचं दीड किलोच्या पुढे जातं. स्टुलावर उभं राहून डोक्याच्या वर हात करून धरायचं असतं तेव्हा तो अर्धा किलो जाणवतो, बरं का.

दुकानात काय पाहायचं

माझं पहिलं ड्रिल दुकानदारानं परत घेतलं नाहीच. दुसरं घेताना मात्र मी त्याला तास-दीड तास पिडलं.

अंगठीवर तीन खुणा आहेत ना पाहा: स्क्रू, बिट आणि हातोडी. हातोडीची खूण नसेल तर ते लाकडाचं नि लोखंडाचं ड्रिल, भिंतीचं नव्हे. 'इम्पॅक्ट ड्रायव्हर' म्हणून आणखी एक जिन्नस मिळतो. नावात इम्पॅक्ट असला तरी तो स्क्रू आवळायचा, भिंतीला भोक पाडायचा नाही. नावाला भुलून माझ्या नणंदेनं तो घेतला आणि आता कौतुकानं मिरवते की आमचं कपाट किती घट्ट!

दुसरं, खोक्यावर 'न्यूटन मीटर' लिहिलेत का. हा पिळाचा जोर. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडताना मनगटाला लागतो ना, तोच. घरकामाला २५ ते ३० पुष्कळ. आकडा लिहिलेलाच नसेल तर खोकं खाली ठेवा. गती दोन असाव्यात, सावकाश आणि जलद. आणि घोडा जितका दाबाल तितकाच वेग यावा. एकदम भरधाव सुटणारं यंत्र टाइलचं वाटोळं करतं.

आकड्यांची जी दुसरी अंगठी असते ती जोराची मर्यादा ठरवणारी. स्क्रू पुरेसा आवळला की 'टरर्' आवाज करून यंत्र पीळ द्यायचं थांबवतं. भुश्श्याच्या दाबलेल्या फळ्यांची कपाटं असतात त्यांना लहान आकड्यावर ठेवा, नाहीतर स्क्रू गरगर फिरून फळीचा भुगा होतो. मग ती बिजागरी जन्मात बसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही ड्रिल घेत नसता, बॅटरी घेत असता. मोटर वर्षानुवर्षं चालेल, बॅटरी काही वर्षांत म्हातारी होणारच. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, "ह्याची नुसती बॅटरी आज तुमच्याकडे आहे? दाखवा. कितीला?" त्यानं कपाट उघडून दाखवली तर त्या कंपनीचं घ्या. "मागवून देऊ" म्हणाला तर समजून घ्या. माझ्या '४८'वाल्याची बॅटरी गावात कोणाकडेच नव्हती. खोक्यात दोन बॅटऱ्या असलेलं मिळालं आणि बजेटात बसलं तर चोवीस बिटांच्या पेटीपेक्षा ते केव्हाही चांगलं.

बॅटरीची निगा सोपी आहे. पार रिकामी करून माळ्यावर टाकायची नाही. काम नसलं तरी दोन-तीन महिन्यांनी थोडी भरायची. शेगडीजवळ किंवा उन्हातल्या खिडकीत ठेवायची नाही. रात्रभर चार्जरला लावून झोपायचं नाही.

बिट: खरा कारागीर

माझी टाइल फुटली ती नुसत्या यंत्रानं नाही. काकांनी माझा जळका बिट हातात घेतला आणि म्हणाले, "हा लोखंडाचा बिट. भिंतीवर चालवलात?" चोवीस बिट होते खरे, पण मी चकचकीत दिसला तो उचलला होता!

ओळख सोपी आहे. भिंतीच्या बिटाच्या टोकाला कठीण धातूची चपटी पट्टी झाळलेली असते आणि ते टोक दांडीपेक्षा जरा रुंद दिसतं. लाकडाच्या बिटाला मधोमध काट्यासारखं टोक असतं. लोखंडाचा बिट टोकापर्यंत सारखा पिळाचा. टाइलचा बिट भाल्याच्या पात्यासारखा. तो चकाकीच्या साध्या टाइलला चालतो, व्हिट्रिफाइड टाइल असेल तर हिऱ्याची कणी लावलेला पोकळ बिट मागा. भिंतीचे ६ आणि ८ मिलिमीटरचे चांगल्या प्रतीचे दोन, टाइलचा एक, लाकडाचे दोन-तीन. एवढ्यावर संसार चालतो. पेटीभर कशाला हवेत?

बिटाची महती सांगताना एक गंमत आठवली. बॅटरीवर चालणारं पहिलं ड्रिल ब्लॅक अँड डेकर कंपनीनं १९६१ साली अमेरिकेत बाजारात आणलं. पुढे १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी बॅटरीचं ड्रिल चंद्रावर चालवलं. जमिनीतली उष्णता मोजायला खोल भोकं हवी होती, पण बिट अर्ध्यात अडून बसला. कारण काय, तर बिटाच्या नळ्या जिथं एकमेकींना जोडल्या होत्या तिथं भुकटी वर यायची वाटच बंद होत होती. पुढच्या मोहिमेसाठी नळ्या बदलल्या. तेव्हा आपण भोक पाडताना मधूनमधून बिट फिरता ठेवूनच बाहेर ओढायचा, भुकटी झाडायची आणि पुन्हा घालायचा. चंद्रावर अडलं ते सातारला अडणार नाही थोडंच!

आणि मग दांडा बसला

दुसरं ड्रिल आल्यावर रविवारी सकाळी आम्ही दोघं कामाला लागलो. आधी जागा. गिझरच्या आणि नळाच्या सरळ रेषेत वर-खाली पाण्याची नळी असते, स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडवी वायर असते. त्या रेषा सोडायच्या. मग सासूबाईंना आत उभं केलं आणि म्हटलं, "उठताना हात सहज कुठं जातो ते दाखवा." मी धरलं होतं त्यापेक्षा चांगली चार बोटं खाली त्यांचा हात गेला. तिथं पेन्सिलीनं खूण केली.

मेन स्विच पाडला. पदर खोचला, केस बांधले, मंगळसूत्र आत घातलं, बांगड्या मागे सारल्या. डोळ्यांना चष्मा. हातमोजे मात्र नाहीत, फिरत्या बिटात सुताचा धागा अडकला तर हात ओढला जातो. टाइलवर चिकटपट्टीची फुली मारली म्हणजे बिट घसरत नाही. हातोडी बंद. टाइल ओलांडेपर्यंत हातोडीचं नावसुद्धा काढायचं नाही. सावकाश गती, आणि हे बाजूला ओला स्पंज धरून उभे. सुमारे दोन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. तिथंच धीर सुटतो आणि माणूस जोर लावतं. मी लावला नाही. मग बिट एकदम आत गेला, तांबडा चिखल ओघळला आणि हे म्हणाले, "वीट!" लॉटरी लागल्यासारखे.

मग बिट बदलला, भिंतीचा लावला, हातोडी चालू केली. खोलीसाठी बिटालाच चिकटपट्टीची खूण बांधली होती. जुनी दांडी का निघाली तेही तेव्हा कळलं. तिचे स्क्रू जेमतेम इंचभर, म्हणजे टाइल आणि गिलावा संपेतो गिट्टीही संपली होती. विटेला ती शिवलीच नव्हती! माणसाचं वजन घेणारी वस्तू असेल तर गिलाव्याच्या पलीकडे विटेत निदान दीड इंच गिट्टी गेलीच पाहिजे. भिंतीला हवेच्या दाबानं चिकटणारे दांडे मिळतात, ते सामान्य आधाराला ठीक, पण घसरलेल्या माणसाचं वजन त्यांच्यावर सोडू नका.

चौथ्या भोकापाशी बॅटरी संपली. तासभर चहा घेत बसलो, मग उरलेली दोन. स्क्रू शेवटी हातानं आवळले. मग दांड्याला ह्यांनी लोंबकळून पाहिलं, मी पाहिलं. नंतरच सासूबाईंना बोलावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आतून कडी लावून आंघोळ केली. मी बाहेर उगाच पाट पुसत उभी होते. आतून आवाज आला, "तू जा गं तुझ्या कामाला."

ते पहिलं '४८'वालं स्क्रू आवळण्यापुरतं वापरते. फुटलेली टाइल तशीच आहे, तिच्या जोडीची आता बाजारात मिळत नाही. आमच्या भिशीतल्या चौघींनी मिळून वायरवालं मोठं ड्रिल घ्यायचं ठरवलंय, लिंटेलच्या कामांसाठी. चार घरांत एक पुष्कळ झालं.

काल सासूबाई भिंतीवर बोट ठेवून विचारत होत्या, देवघराशेजारी जपमाळेसाठी एक खुंटी मारशील का? खूण त्यांनी स्वतःच करून ठेवली होती. स्विचबोर्डाच्या बरोबर वर! ती वीतभर बाजूला सरकवायला त्यांना राजी करणं, हे आता पुढच्या रविवारचं काम.